युवा महोत्सवाचा अर्ज : ठाणे-नवी मुंबईची मुलं अडकतात ती ठिकाणं

मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन युवा महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला यांच्या स्पर्धा होतात. आधी विभागीय फेरी, मग अंतिम. नोंदणी महाविद्यालयामार्फतच होते, त्यामुळे विद्यापीठाच्या कलिना संकुलात किंवा ठाण्यात बाळकुमच्या उपकेंद्रात स्वतः अर्ज घेऊन जाऊ नका. आधी आपल्या सांस्कृतिक समन्वयकांना गाठा.

पहिली गफलत तारखेची. परिपत्रकातली शेवटची तारीख महाविद्यालयासाठी असते, तुमच्यासाठी नाही. प्राचार्यांची सही, गोल शिक्का, शुल्क हे सगळं त्याआधी उरकायचं असतं. शेवटच्या दिवशी कागद घेऊन येणाऱ्या मुलाला परत पाठवताना समन्वयकांनाही वाईट वाटतं, पण त्यांच्याही हातात काही उरलेलं नसतं.

दुसरी वयाची. 1 जुलैला वयाची 25 वर्षं पूर्ण झालेली नसावीत. स्पर्धेच्या दिवसाचं वय इथे मोजत नाहीत. ऑगस्टमध्ये पंचविशी गाठणारी एम.ए.ची मुलगी पात्र असते, तरी कितीतरी जणी आपणहून नाव मागे घेतात. तसं करू नका. उलट, त्याच आवारातली अकरावी-बारावीची मुलं पात्र नसतात, कितीही सुरेल गायली तरी. पूर्णवेळ पदवी किंवा पदव्युत्तर प्रवेश हवाच.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते जन्मतारखेच्या पुराव्यावर. मुलं दहावीचं गुणपत्रक आणतात. हवं असतं दहावीचं प्रमाणपत्र, कारण शाळेच्या रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख त्यावर छापलेली असते. ते बऱ्याच घरांत कधी शाळेतून आणलेलंच नसतं! जूनमध्येच जाऊन घ्या. हरवलं असेल तर मंडळाकडून दुसरी प्रत मिळायला वेळ लागतो. वाशीला मंडळाचं विभागीय कार्यालय आहे, तेवढी आपल्याकडची सोय.

प्रथम वर्षाच्या मुलांचं दुखणं वेगळं. प्रवेश नुकताच झालेला, ओळखपत्र छापून आलेलं नाही, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) नाही. महाविद्यालयानेच न दिलेला कागद महाविद्यालयाच्याच खिडकीवर मागितला जातो, हा जाच खरोखर थांबायला हवा. तोवर फी भरल्याची पावती दाखवून फोटो लावलेलं बोनाफाईड मागा आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा मारून घ्या. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रम दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसाच असू द्या.

शोधप्रकल्प करणाऱ्यांसाठी ‘आविष्कार’ ही वेगळी स्पर्धा आहे. तिथेही नाव महाविद्यालयातूनच जातं. गट निवडताना प्रकल्पाचा विषय बघा. खारफुटीवरचं काम बी.कॉम.च्या मुलाने केलं म्हणून ते वाणिज्य गटातलं होत नाही.

समूहगान, एकांकिका, लोकनृत्याच्या संघांनी एक-दोन राखीव मुलांचेही कागद तयार ठेवावेत. ऐन वेळी कोणी आजारी पडलं तर बदली कलाकारालाही हीच सगळी कागदपत्रं लागतात. स्पर्धेच्या दिवशी मूळ प्रती सोबत न्या, मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका.