भाकरीनं बोली रांगडी होत नाही

‘कडक भाकरीनं जबडा जड होतो, म्हणून मराठवाड्याचे उच्चार रांगडे’ हा गैरसमज आहे. दळून, भाजून, कालवणात कुस्करलेली ज्वारी मऊच अन्न! शेतीपूर्वी चिवट खाण्यानं दात झिजत, तरुणपणीच वरचे-खालचे दात कडेला कड भिडत. शेतीनंतर अन्न मऊ झालं, वरचे दात पुढेच राहिले. २०१९च्या संशोधनानुसार त्यामुळे ‘व’सारखे ओठ-दातांचे (दंतोष्ठ्य) ध्वनी सुमारे २९ टक्के कमी श्रमात निघतात. समोरचे दात टोकाला टोक लावून ‘वावर’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांपर्यंत ओढावा लागतो. पण ही सोय हजारो वर्षांत भाषेत मुरते, एका ताटानं नव्हे. ‘दफ्तर’मधला दंतोष्ठ्य फ तर फारसी-उर्दूतून आला, ‘फळ’चा मूळ फ दोन्ही ओठांचाच.