धातुकाच संमिश्रांची तन्यता

वितळलेल्या मिश्रधातूला स्फटिक बनवायला वेळच न देता थंड केले, तर त्यातले अणू द्रवातल्यासारखे विस्कळीत असतानाच गोठतात. हा घन पदार्थ म्हणजे धातुकाच. या काचेत मऊ स्फटिक किंवा धातूचे तंतू पेरले की धातुकाच संमिश्र तयार होते. ओढल्यावर तुटण्याआधी कायमचे लांबण्याचा गुण, म्हणजेच तन्यता, नुसत्या धातुकाचेत जवळजवळ नसतो. तो आणण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पहिली धातुकाच १९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (कॅलटेक) पॉल ड्यूवे यांच्या गटाने सोने आणि सिलिकॉनपासून बनवली. तिला सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगाने थंड करावे लागले, त्यामुळे हाती आला तो पातळ पापुद्राच. जाड तुकडे ओतता येऊ लागले ते पुढे, जपानमधील सेंदाई येथील अकिहिसा इनोए आणि कॅलटेकमधील विल्यम जॉन्सन यांच्या मिश्रधातूंमुळे. १९९३ साली प्रसिद्ध झालेला झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांचा ‘व्हिट्रलॉय १’ हा त्यांतला सर्वांत परिचित. धातुकाच सुमारे २ टक्के लांबेपर्यंत लवचिक राहते, म्हणजे ताण काढला की मूळ आकारात येते. नेहमीच्या पोलादांच्या मानाने हे कितीतरी जास्त आहे, पण ती मर्यादा ओलांडली की तुकडा एका फटक्यात तुटतो.

स्फटिकी धातूत अणूंच्या रांगांमधले दोष सरकतात, एकमेकांत अडकतात आणि धातू वाकता वाकता कठीण होत जातो. काचेत रांगाच नाहीत. तिथे सगळी विकृती, म्हणजे आकारातला बदल, सुमारे दहा ते वीस नॅनोमीटर जाडीच्या कर्तनपट्ट्यांत एकवटते; या अरुंद पट्ट्यांत पदार्थाचा एक भाग दुसऱ्यावरून घसरतो. पट्ट्यातला भाग घसरताना आणखी मऊ होतो, म्हणून पुढची घसरण पुन्हा तिथेच होते. २००६ साली लेवांडोव्स्की आणि ग्रीअर या संशोधकांनी धातुकाचेच्या पृष्ठभागावर कथिलाचा पातळ लेप देऊन ती वाकवली. पट्टे जिथे उमटले तिथे कथिल वितळून त्याचे मणी झाले होते. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यांच्या हिशेबाने पट्ट्यातले तापमान काही नॅनोसेकंदांपुरते हजारो अंशांनी चढू शकते.

मात्र याच काचेची पातळ पट्टी बोटांनी दुमडली तरी मोडत नाही. एक मिलिमीटरहून बरीच जाड पट्टी मोडते. पातळ पट्टीत कर्तनपट्टे आखूड आणि जवळजवळ राहतात, त्यांना भेगेत रूपांतर होण्याइतकी लांबी मिळत नाही. संमिश्रांचे सारे तंत्र या निरीक्षणावर उभे आहे: पट्टे टाळायचे नाहीत, त्यांना शेतातल्या बांधांसारखे ठिकठिकाणी अडवायचे.

टंगस्टनच्या तारांवर काच ओतणे हा एक मार्ग झाला. त्याने दाबाखालची वागणूक सुधारते. अधिक फलदायी ठरला तो २००० साली हेज, किम आणि जॉन्सन यांनी दाखवलेला मार्ग. त्यात मिश्रधातू थंड होतानाच त्यातून झाडासारख्या फांद्या फुटलेले मऊ स्फटिक, म्हणजे डेंड्राइट, वाढतात आणि उरलेला द्रव काच बनतो. पण ओतीव तुकडा बाहेरून लवकर आणि आतून सावकाश थंड होतो, म्हणून कुठे फांद्या बारीक तर कुठे भरड राहिल्या आणि तन्यतेचा भरवसा राहिला नाही.

२००८ साली डग्लस हॉफमन, जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला. मिश्रधातू अर्धवट वितळलेल्या अवस्थेत ठरावीक तापमानाला काही वेळ धरून ठेवायचा, फांद्या जाड आणि सगळीकडे सारख्या होऊ द्यायच्या, मग झपाट्याने थंड करायचे. निकेल वगळले, टायटॅनियम वाढवले. भेगेच्या टोकाशी काचेचा जेवढा भाग विकृत होतो, त्याच्या मापाशी डेंड्राइटांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरे जुळवली. स्फटिक काचेपेक्षा मऊ असल्याने विकृती आधी त्यांच्यात सुरू होते आणि पट्टे पुढच्या स्फटिकापाशी अडतात. ओढताना १० टक्क्यांहून जास्त तन्यता, १.२ ते १.५ गिगापास्कल सामर्थ्य, आणि भंगरोध (भेग पसरू न देण्याची क्षमता) चांगल्या पोलादांच्या तोडीचा, असे आकडे मिळाले. मूलद्रव्यांची यादी बदलण्यापेक्षा मापे जुळवण्याचा हा विचार जास्त मोलाचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

तरी एक उणीव राहिली. या संमिश्रांना ओढले की लवकरच एका जागी मान पडते, म्हणजे तुकडा तिथेच बारीक होत जातो, कारण काच स्वतः कठीण होत नाही. तांबे-झिर्कोनियम संमिश्रांत यावर उपाय सापडला. त्यांतले ‘बी२’ नावाच्या अणुरचनेचे स्फटिक ताणाखाली रचना बदलून मार्टेन्साइट या दुसऱ्या प्रकारचे स्फटिक बनतात आणि पदार्थ ओढताना कठीण होत जातो. अडचण आहे ती ओतकामात: बी२ फक्त वरच्या तापमानाला स्थिर असल्याने तो झपाट्याने गोठवावा लागतो, आणि त्याचे कण सर्वत्र सारखे वाटले जाणे कठीण असते.

शोधनिबंधांतले आकडे वाचताना चाचणी कोणती हे आधी पाहावे. दाबाखाली २० टक्के विकृत होणारा नमुना ओढल्यावर एक टक्काही लांबेल याची खात्री नसते. शिवाय झिर्कोनियम ऑक्सिजन चटकन शोषते, म्हणून वितळण निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये करावे लागते. आणि बेरिलियमची धूळ व वाफ फुफ्फुसांना घातक असल्याने त्याच्याविना तितकीच तन्य संमिश्रे बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.