पार्श्वभूमी : ‘हिमकडा कोसळला’ म्हणजे नेमकं काय सुटलं?

भारतात हिमस्खलनांचा पद्धतशीर अभ्यास 1969 साली मनालीतून सुरू झाला. मार्च 1979 मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांत 200 हून अधिक माणसं मेली. 1984 पासून सियाचिनवर सैन्य कायमचं राहू लागलं आणि हा विषय बराचसा सैन्याच्या गरजेभोवती फिरू लागला.

मराठी बातमीत मात्र शब्द एकच टिकला : ‘हिमकडा कोसळला’. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, तेव्हा तो बऱ्यापैकी बरोबर होता. तिथे घट्ट बर्फाची भिंतच सुटल्याचं सांगितलं गेलं. 7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडातल्या चमोलीत 200 हून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हा ‘हिमकडा कोसळला’ आणि ‘हिमनदी फुटली’ हे दोन्ही छापून आलं, आणि दोन्ही दिशाभूल करणारं होतं. रोंती शिखराच्या उत्तर बाजूचा खडक त्यावरच्या बर्फासकट सुटला होता. एकूण ऐवज सुमारे 2.7 कोटी घनमीटर, त्यात साधारण 80 टक्के खडक. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तराखंडातल्याच द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षणार्थी मेले, तिथे उतारावरचा बर्फाचा थर सरकला. कडा कुठेच नव्हता. हा घोळ महागात पडतो, कारण ‘कडा’ ऐकलेल्या माणसाचा डोळा वरच्या सुळक्यावर असतो आणि धोका पायाखाली असतो.

थर सुटायला चार गोष्टी जुळाव्या लागतात : साधारण 30 ते 45 अंशांचा उतार, वर एकसंध थर, खाली कमकुवत थर आणि वरून भार. कमकुवत थर बहुधा थंडीच्या सुरुवातीला तयार होतो. बर्फ पातळ असतो, जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, पृष्ठभाग खूप गार. हा फरक मीटरमागे 10 अंशांच्या वर गेला की खालून चढणाऱ्या वाफेमुळे कणांची जाड साखर होते, एकमेकांना न धरणारी. मग पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, येतो, एका दिवसात 30 सेंटिमीटर बर्फ टाकतो, आणि वारा त्याच्या कितीतरी पट बर्फ आडोशाच्या उतारावर नेऊन साठवतो. एका माणसाचं वजन पुरतं. कमकुवत थर आधी खाली दबतो, भेग आडवी धावते; म्हणून उताराच्या पायथ्याशी चालणाराही वरचा थर सोडवू शकतो. ओरडण्याने हिमस्खलन होतं हा समज चुकीचा आहे; आवाजाचा दाब त्यासाठी फारच कमी पडतो.

खाली असा कमकुवत थर आहे का, याची तपासणी सोपी आहे. 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब चारही बाजूंनी मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं, आणि मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 असे ठोके द्यायचे. पहिल्या दहांत खांब गुळगुळीत तुटून पुढे सरकला, तर तो उतार सोडावा. चूक होते ती जागेत : वाऱ्याने झोडपलेल्या पातळ बर्फात खणून शेजारच्या भरलेल्या घळीबद्दल निष्कर्ष काढला जातो.

सियाचिन ज्या रांगेत आहे त्या काराकोरमच्या कोरड्या, पातळ बर्फात हा साखरेचा थर हिवाळाभर टिकतो. काश्मीर-हिमाचलातल्या पीर पंजाल रांगेत बर्फ जास्त आणि उबदार, त्यामुळे तिथले बरेच अपघात ताज्या भाराचे, आणि मार्चनंतर उन्हाने भिजलेल्या बर्फाचे. अशा दिवशी दक्षिणेकडचे उतार दुपारच्या आत ओलांडलेले बरे.