वेब शॉर्टकट फाइल

महाजालावरील एखाद्या पानाचा पत्ता साठवणारी आणि तिच्यावर टिचकी मारताच ते पान ब्राउझरमध्ये उघडणारी छोटी फाइल. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींत ती आढळते. रचना मात्र प्रत्येकीची निराळी असल्याने तिन्ही प्रकार वाचू-लिहू शकणाऱ्या कोड लायब्ररीची (प्रोग्रामरांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचाची) गरज भासते.

विंडोजमधील ‘.यूआरएल’ प्रकार इंटरनेट एक्सप्लोररबरोबर, म्हणजे साधारणपणे १९९५ च्या सुमारास रूढ झाला. त्याची रचना आयएनआय या साध्या मजकुरी पद्धतीची असते : चौकटी कंसात विभागाचे नाव आणि खाली बरोबरचिन्हाने जोडलेल्या ओळी. लिनक्सवरील ‘.डेस्कटॉप’ फाइल दिसायला अशीच असल्याने ती विंडोजवरून घेतली असावी, असा समज होऊ शकतो. तथापि तिचा निकटचा पूर्वज केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉप प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांतील ‘.केडीईएलएनके’ हा प्रकार होता, हे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाने तिचे विनिर्देश तयार केले. त्यांनुसार मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात असतो, नावाच्या कळीला (‘की’, म्हणजे बरोबरचिन्हाच्या डावीकडील शब्दाला) भाषेचा संकेत जोडून मराठी नावही देता येते आणि कळींतील लहान-मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजची आयएनआय पद्धत हा भेद करत नाही. म्हणून दोन्हींसाठी एकच वाचक (फाइल वाचणारा कोड) वापरणे धोक्याचे असते.

मॅकवरील ‘.वेबलॉक’ फाइल ही एक्सएमएल किंवा द्विमान (बायनरी) स्वरूपातील प्रॉपर्टी लिस्ट, म्हणजे कळी व मूल्ये साठवणारी मॅकची यादी असते. जुन्या फाइलींत पत्ता रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे फाइलीला जोडलेल्या वेगळ्या भागात असे. हा भाग न जपणाऱ्या डिस्कवर नक्कल केल्यास हाती शून्य बाइटची फाइल उरे. अशा फाइलीतून पत्ता परत मिळवणे कोणत्याही लायब्ररीला शक्य नाही.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘प्लिस्टलिब’ व ‘कॉन्फिगपार्सर’ ही प्रमाण मॉड्यूले बहुतेक काम भागवतात. मात्र कॉन्फिगपार्सर टक्केचिन्हाचा अर्थ मूल्याची भरणी (तेथे दुसऱ्या कळीचे मूल्य घालणे) असा घेतो, आणि देवनागरी पत्ते नेमके टक्केचिन्हांनीच भरलेले असतात, कारण त्यांतील प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि पुढे दोन अंक वा अक्षरे असा लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दातील पाच वर्णचिन्हांचे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट होतात आणि पत्त्यात त्यांची ४५ अक्षरे बनतात. भरणीची सोय बंद न केल्यास असा पत्ता वाचताना त्रुटी येते. एक्सएमएल लिहिताना पत्त्यातील ‘&’ चिन्हाचे ‘&’ असे रूपांतर करणेही तितकेच आवश्यक असते.

फाइल दिसायला निरुपद्रवी असली, तरी तिचा गैरवापर झालेला आहे. विंडोजमध्ये चिन्हचित्राचा मार्ग दूरच्या सर्व्हरकडे वळवून वापरकर्त्याच्या ओळखीची माहिती बाहेर काढता येते. मॅकवरील ‘.इनेटलॉक’ या सजातीय प्रकारात स्थानिक फाइलींचे पत्ते रोखण्याचा उपाय २०२१ मध्ये अपुरा ठरला, कारण योजनेच्या (पत्त्याच्या आरंभीच्या ‘फाइल’, ‘एचटीटीपी’ अशा भागाच्या) नावातील पहिले रोमन अक्षर मोठे केले की तो टळत असे. त्यामुळे लायब्ररीने योजनेचे नाव आधी लहान अक्षरांत आणून मगच एचटीटीपी व एचटीटीपीएस यांनाच परवानगी देणे श्रेयस्कर होय.