आजोबांचं नाव नातवाला (गोव्यातली पद्धत)

पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं नि दुसरा झाला तर आईच्या वडिलांचं, अशी ही पद्धत. गोव्यात ती हिंदू घरांत पण दिसते नि ख्रिश्चन घरांत पण. मराठीवाल्या घरांत तर एक काळ असा होता की नाव काय ठेवणार हे कोणी विचारायचंच नाही, मुलगा झाला की नाव ठरलेलं, फक्त पाळणा बांधायचा बाकी. बापाचं स्वतःचं नाव मात्र मुलाला ठेवत नाहीत, कारण ते मधे येणारच असतं. समजा आजोबा विठ्ठल, वडील रामचंद्र, तर मुलगा विठ्ठल रामचंद्र, आणि त्याचा मुलगा परत रामचंद्र विठ्ठल, दोनच नावं नि ती आलटून पालटून शंभर-दीडशे वर्षं चालतात. कुळाची वंशावळ काढायला बसलात तर तिसऱ्या पानावर डोकं गरगरतं.

गोव्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कोसंबी. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) हे सांखवाळचे, नि त्यांचा मुलगा गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). म्हणजे मुलाला सरळ आजोबांचं नाव. इंग्रजी आद्याक्षरं काढली तर बापलेक दोघेही डी. डी. कोसंबी, त्यामुळे लायब्ररीत गडबड होऊ शकते, जरा सांभाळून. पेशव्यांकडे पण हेच, बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावाचा मुलगा परत बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणून ओळखतो. आणि खूप मागे जायचं तर पहिल्या चंद्रगुप्ताचा मुलगा समुद्रगुप्त नि नातू दुसरा चंद्रगुप्त, म्हणजे राजेलोकांपासून आमच्या डिचोली-पेडण्यापर्यंत सगळे एकाच लायनीत.

आता तो नानासाहेब का झाला, तिथेच या पद्धतीची खरी गंमत आहे. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही. मग तेच नाव पोटच्या मुलाला ठेवल्यावर ती हाक कशी मारणार, आणि मूल हट्टाला पेटलं तर ओरडणार कशी, म्हाताऱ्याच्याच नावाने शिव्या घातल्यासारखं होतं ना. म्हणून घरात बाबू, बाळ, आबा, नाना, भाऊ, दाजी असली नावं पडतात नि ती मरेपर्यंत चिकटतात. भाऊ दाजी लाड, मुंबईतले एकोणिसाव्या शतकातले मोठे डॉक्टर नि प्राचीन लेखांचे अभ्यासक, मूळ पेडण्याकडच्या मांद्र्याचे, यांच्या नावातलं भाऊ पण घरातलं नि वडिलांचं दाजी पण घरातलं, खरी नावं विचारली तर शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाहीत.

मला घरी बाबू म्हणायचे. पहिलीच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेतली, एक नाव तीनदा घेतलं, कोणी हजर म्हणेना, मी पण इकडे तिकडे बघत होतो की कोण हा आला नाही. शेवटी शेजारच्या घरातल्या मोठ्या मुलाने दारातून सांगितलं, अरे तूच तो. तोपर्यंत मला वाटायचं ते नाव म्हणजे ओसरीवरच्या फोटोतल्या म्हाताऱ्याचं, ज्याला हार घातलेला असतो.

हयात माणसाचं नाव ठेवायचं नाही हा बऱ्याच हिंदू घरांतला नियम, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. त्यामुळे आजोबा असताना नातू झाला तर पणजोबांचं नाव किंवा अकाली गेलेल्या काकांचं नाव पुढे येतं. आजोबा गेल्यावर वर्षाच्या आत मुलगा झाला तर बायका म्हणणारच, आजोच परतून आयलो, मग हनुवटी बघा, कान बघा, झोपायची पद्धत बघा सुरू होतं.

शास्त्राप्रमाणे नाव एक नसतंच, चार असतात: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून एक, आणि चौथं व्यवहारातलं. आजोबांचं नाव येतं ते या चौथ्या जागी. गोव्यात देवाचं नाव नि आजोबांचं नाव पुष्कळदा एकच निघतं, कारण आजोबाच मंगेश, नागेश, दामोदर, रामनाथ नाहीतर रवळू असतात, म्हणजे मंगेशी, बांदोडा, जांबावली या देवळांतूनच ती नावं घरात आलेली, त्यामुळे देव नि पूर्वज दोघेही एका दगडात खूश.

पण या पद्धतीचं गणित खरं कळतं ते म्हाळाच्या दिवशी. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. वडील ताम्हणासमोर बसलेत, मी बाजूला दर्भ देतोय, आणि भटजी पहिल्यांदा माझं नाव घेतात, मग वडिलांचं स्वतःचं नाव, मग परत माझं. दोन्ही टोकांना मी नि मधे वडील, आणि तिघेही गेलेले. दहा-अकरा वर्षांचा होतो, तीळ हातातच राहिले. आजी आतून म्हणाली, घाबरू नको रे, तुला नाही बोलावत ते. नंतर सवय झाली, पण पहिल्या वेळी काटा येतोच, ज्यांच्याकडे ही पद्धत आहे त्यांना विचारा.

मुलींच्या बाबतीत हे सगळं ढिलं आहे आणि मला ते कायम खटकत आलंय. आजीचं नाव नातीला ठेवतात, पण कुठलं नाव? लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहितो, म्हणजे आजीला माहेरचं एक नि सासरचं एक अशी दोन नावं, त्यातलं ठेवतात ते बहुतेक सासरचं, माहेरचं कोणाला आठवत पण नसतं. आणि ती नात उद्या लग्न होऊन गेली की तिचं पण परत बदलणार. म्हणून मुलाकडची साखळी शंभर वर्षं जाते नि मुलीकडची एका लग्नात तुटते. आता नाव बदलायची पद्धत कमी झालीय, बदलायचंच तर गोव्यात त्यासाठी १९९०चा नाव आणि आडनाव बदलाचा वेगळा कायदा आहे.

ख्रिश्चन घरांत गोष्ट जरा वेगळी. तिथे आजोबा जिवंत असले तरी चालतं, उलट पुष्कळदा तेच बाप्तिस्म्याला पाद्रीन म्हणजे धर्मपिता म्हणून उभे राहतात नि आपलं नाव आपल्या डोळ्यांसमोर नातवाला देतात. सोळाव्या शतकात धर्मांतरं झाली तेव्हा नाव काय, आडनावसुद्धा पाद्रिनाचं घेतलं जायचं, म्हणून एकेका गावात एकच पोर्तुगीज आडनाव भरलेलं दिसतं. शिवाय संतांची नावं आहेतच. फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) यांच्यावरून किती झेवियर झाले असतील देव जाणे, आणि झेवियर हे मुळात माणसाचं नावच नव्हे, स्पेनच्या नावार भागातल्या त्यांच्या घराण्याच्या गढीचं नाव ते. घरात मात्र तिथेही जुझे, ज्युआंव, पेद्रू, कायतान. पोर्तुगीज पद्धतीत आईचं आडनाव आधी नि बापाचं नंतर, त्यामुळे एकाच नावाचे आजोबा-नातू निदान आडनावांवरून वेगळे काढता येतात, आमच्याकडे ती सोय नाही.

आणि सोय नसली की काय होतं ते जमिनीच्या कागदात बघावं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबारा) नाव आहे, पण ते आजोबांचं की नातवाचं? बापाचं नाव बघायचं म्हटलं तर आजोबांचे वडील नि नातवाचे वडील दोघांची नावं पण सारखीच. त्यात पोर्तुगीज काळातले जुने दस्त असले तर प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतीं, शेणैचं सिनाय झालेलं. गोव्यात वारसा अजून मूळच्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाने चालतो नि वाटणीला इन्व्हेंटरी, म्हणजे वारस नि मालमत्ता यांची कोर्टातली यादी, करावी लागते (आता २०१२च्या कायद्याखाली), तिथे वकील पहिल्यांदा जन्ममृत्यूचे दाखले मागतात ते यासाठीच. आमच्या वाड्यावर एका कुटुंबाला आपलेच आजोबा वारले आहेत हे सिद्ध करायला दोन पावसाळे गेले, कारण त्या नावाचा माणूस ऑफिसात समोर उभा होता.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पद्धत उलटी झालीय. आधी कागदावर आजोबा नि घरात बाबू, आता कागदावर दोन अक्षरी नवीन नाव आणि आजोबा फक्त पाळण्यात. जन्मनोंदणी झाल्यावर नाव घालायला बारा महिने बिनफीची मुदत असते, फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, त्यामुळे घरात वाद मिटेपर्यंत पुष्कळजण ती जागा रिकामी ठेवतात. माझ्या मुलाच्या वेळी आठ महिने रिकामी होती. वडील तोवर गेलेले, आईचा हट्ट की त्यांचंच नाव, बायकोचं म्हणणं की ते नाव घेऊन पोराला शाळेत चिडवतील. शेवटी बारशाला माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आत्याने, कानात वडिलांचं नाव सांगून कुर्र केलं, नि दाखल्यावर बायकोने निवडलेलं चढलं. आईने दाखला हातात घेतला, चष्मा लावला, पहिलं नाव सोडून मधलं वाचलं, जे माझं म्हणजे तिच्या सासऱ्याचं, आणि काही न बोलता पदराने पुसून कपाटात ठेवला.