‘ऑडिट झाले आहे’: नाशिकची सरकारी रुग्णालये आणि आपत्तीची तयारी

नाशिकमध्ये आपत्ती म्हटली की डोळ्यांसमोर गोदाकाठच येतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, यावर पूर मोजायची इथली पद्धत. १९६९ चा पूर जुन्या लोकांच्या बोलण्यात आहे, २००८ आणि २०१६ चे बाकीच्यांच्या. या सगळ्यात आपत्ती बाहेर घडायची आणि रुग्णालयाचे काम नंतर सुरू व्हायचे. प्लेगच्या काळात तर गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत. तेव्हा रुग्णालयाकडून कोणाची फारशी अपेक्षाही नव्हती.

२७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी काळाराम मंदिर आणि रामकुंडाच्या मधल्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक गेले, शंभराहून अधिक जखमी झाले. त्यातून धडा घेतला गेला तो रस्त्यांचा आणि बॅरिकेडिंगचा. २०१५ च्या तिन्ही पर्वण्या अशा घटनेशिवाय पार पडल्या, याचे श्रेय त्या धड्याला द्यायला हवे. आरोग्याची तयारी मात्र सिंहस्थापुरती उभी राहते: तात्पुरते दवाखाने, बाहेरच्या जिल्ह्यांतून आणलेले डॉक्टर, घाटाजवळ उभ्या अॅम्ब्युलन्स. साधूंच्या मुक्कामासाठी वसवलेले साधुग्राम उठले की तीही उठते.

मग उरते ते रोजचे रुग्णालय. ऑगस्ट २०१७ मध्ये इथल्या शासकीय रुग्णालयात महिनाभरात ५५ अर्भके दगावल्याची बातमी देशभर गेली. एकेका इन्क्युबेटरमध्ये एकाहून जास्त बाळे ठेवावी लागत होती. त्या महिन्यात ना पूर आला होता, ना मेळा भरला होता. वाढीव रुग्ण सामावून घ्यायची जागा साध्या दिवशीच नसेल, तर आपत्तीत ती कुठून येणार, हा प्रश्न खरे तर तेव्हाच पडायला हवा होता.

२१ एप्रिल २०२१ ला आपत्ती रुग्णालयाच्या आवारातच घडली. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. जुन्या नाशकातल्या महापालिकेच्या रुग्णालयात टँकरमधून ऑक्सिजनची टाकी भरली जात असताना गळती सुरू झाली. पांढऱ्या धुक्याचे लोट सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. टाकीतला दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे, ऑक्सिजनवरचे रुग्ण एकामागून एक गेले. त्या दिवशीचा आकडा २२ होता, नंतर तो २४ सांगितला गेला.

टाकी बसवण्याचा निर्णय मुळात चुकीचा होता का, यावर बराच वाद झाला. माझ्या मते नव्हता. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो आणि एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो. १३ किलोलिटरची ती टाकी म्हणजे सुमारे १,६०० जम्बो सिलिंडर. एवढे सिलिंडर जिन्यावरून चढवायला माणसे नव्हती आणि बाजारात सिलिंडरही नव्हते. पण सिलिंडर संपला तर दुसरा जोडता येतो. टाकीचा दाब पडला की एकाच वेळी सगळे वॉर्ड गुदमरतात. म्हणून टाकीसोबत राखीव सिलिंडरची जोडणी कायम तयार लागते आणि टाकी भरताना जाणकार माणूस शेजारी लागतो. इथे टाकी भाडेतत्त्वावर होती. म्हणजे टाकी पुरवठादाराची, आवार महापालिकेचे, रुग्ण डॉक्टरांचे. व्हॉल्व्हवर हात कोणाचा, याचे उत्तर करारात असेलही. पण ते वॉर्डातल्या सिस्टरला माहीत असावे लागते. चौकशीला सात जणांची समिती नेमली गेली, गुन्हा अज्ञात व्यक्तींविरुद्ध नोंदवला गेला.

याच वर्षात ‘ऑडिट’ या शब्दाने जो गोंधळ घातला, तो नीट सोडवून पाहण्यासारखा आहे. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली आणि राज्यभर ‘फायर ऑडिट’चे आदेश निघाले. त्यात बघायचे ते वायरिंग, विजेचा भार, आग विझवायची साधने, बाहेर पडायचा जिना. नाशकात आग लागलीच नाही, वायू गळला. एप्रिलमध्ये ‘ऑक्सिजन ऑडिट’ आले, पण ते होते बचतीचे: कोणत्या रुग्णाला मिनिटाला किती लिटर, वाया किती जातो. गळतीनंतर लोक तोच शब्द टाकी आणि पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी वापरू लागले. त्यामुळे ‘ऑक्सिजन ऑडिट केले’ असे कोणी सांगितले, तरी व्हॉल्व्ह तपासला की हिशेब, हे कळेना. पुढे ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ कोरोनारुग्ण गेले. तिथले फायर ऑडिट झालेले होते. सुचवलेली कामे निधीअभावी राहिली होती. तपासणी, दोषांची यादी, निधी, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी या पाच गोष्टी आहेत. आपण ‘ऑडिट झाले’ म्हणतो तेव्हा बहुधा पहिलीच झालेली असते, फार तर दुसरी.

दुसऱ्या लाटेनंतर हवेतून ऑक्सिजन गाळणारे पीएसए प्लांट गावोगावच्या सरकारी रुग्णालयांत बसले. ते विजेवर चालतात, म्हणजे त्यांना जनरेटर हवा. आतल्या, नायट्रोजन शोषून घेणाऱ्या झिओलाइटला ओल लागू नये म्हणून ते गरज नसतानाही नियमित चालवावे लागतात. त्यासाठी ऑपरेटर हवा आणि ऑपरेटरला पगार. उद्घाटनाचे फोटो निघाले की या गोष्टी मागे पडतात.

आता पुन्हा सिंहस्थ आला आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, तर नाशिकची स्नाने २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर अशी जाहीर झाली आहेत. चर्चा रस्त्यांची, घाटांची आणि साधुग्रामच्या जागेची आहे. २०१६ च्या पुरात रामकुंडाचा परिसर पाण्याखाली गेला, तीही तारीख २ ऑगस्टच होती.