हातभर नळी: स्नॉर्केल लांब का करत नाहीत?

जुन्या पिक्चरमधला तो सीन सगळ्यांनी बघितलाय. हिरोच्या मागे गुंड लागलेत, समोर तळं, हिरो काठावरची एक पोकळ काडी तोडतो, तोंडात धरतो आणि सरळ तळाला जाऊन बसतो, वर फक्त काडीचं टोक. गुंड इकडे तिकडे बघतात आणि निघून जातात. आपण द्रवाचा दाब आठवीत-नववीत शिकलोय, त्यावर मार्कही मिळवलेत, तरी हा सीन बघताना कोणालाच काही खटकत नाही.

मालवणला कयाक (वल्हवायची छोटी होडी) आणि स्नॉर्केलिंगच्या (तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायच्या) ट्रिपला गेलात की हाच प्रश्न जरा वेगळ्या तोंडाने ऐकू येतो. मास्क आणि नळी हातात पडली की कोणीतरी काका विचारतातच, अहो ही एवढीशीच का, जरा लांब पाईप दिलात तर खाली जाऊन प्रवाळ नीट बघता येईल की! मी एका गाईडचं उत्तर ऐकलंय, "तेका स्कूबा म्हनतत, पैशे वेगळे." होडीत सगळे हसले आणि विषय संपला, पण माझ्या मते खरं उत्तर स्कूबाच्या (म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर बांधून बुडी मारण्याच्या) बिलापेक्षा भारी आहे, आणि त्यात हत्तीसुद्धा येतो.

आधी जागेबद्दल थोडं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. ट्रिपा दोन तऱ्हेच्या असतात. काही ठिकाणी तारकर्ली-देवबागकडे कर्लीच्या खाडीत कयाक वल्हवायला देतात आणि मग होडीने किल्ल्याजवळ नेऊन पाण्यात उतरवतात, तर काही जण सकाळी समुद्र शांत असताना कयाक थेट किनाऱ्यावरून खडपांपर्यंत नेतात. दुसऱ्या प्रकारात एक गंमत असते. खडपांपाशी पोचलं की सगळ्यांना लगेच उडी मारायची असते आणि चांगला गाईड मारू देत नाही, "जरा दम खावा" म्हणतो आणि पाच-दहा मिनिटं तसंच बसवून ठेवतो. लोक वैतागतात, पैसे मिनिटावर दिलेत असं वाटतं त्यांना. पण हे दम खाणं आणि नळीची लांबी, दोन्ही एकाच गणितातून येतात.

तर गणित. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे १ मीटरला एक दशांश, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. १०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? आता छातीचा पुढचा भाग साधारण ३० बाय ३० सेंटिमीटर धरा, ९०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ९० किलो. सिमेंटची जवळजवळ दोन पोती छातीवर ठेवलीत आणि आता फासळ्या वर उचलून श्वास घ्या म्हटलं, असं ते झालं. एखादा श्वास जोर लावून घेता येईलही, पण श्वास मिनिटाला बारा-पंधरा वेळा घ्यायचा असतो आणि दिवसभर कोणी पोती उचलत बसत नाही.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, मग बुडी मारणारे लोक कसे जातात १० मीटर खाली, त्यांच्या छातीवर तर ९०० किलो यायला हवेत? येतात की! पण त्यांच्या फुप्फुसातली हवाही तेवढीच दाबली जाते. बुडी मारताना तोंड बंद असतं, फुप्फुस आकसतं, आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका होतो आणि हिशोब जुळतो. स्कूबावाल्यांचा रेग्युलेटर म्हणजे तोंडातलं ते यंत्र हेच काम दुसऱ्या बाजूने करतं, तुम्ही जितके खोल तितक्याच दाबाची हवा तोंडात देतं. (आणि त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो हो, साधी हवाच असते, फक्त कोंबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली धोकादायक होतो, झटके येऊ शकतात. तरी बोर्डावर ऑक्सिजन सिलिंडर लिहिणारे लिहितातच.) नळीचं दुखणं वेगळं आहे. तिचं वरचं टोक उघड्या हवेत, त्यामुळे फुप्फुसात हवा येते ती वरच्या दाबाची, आणि फासळ्यांवर बाहेरून पाणी रेटतं ते खालच्या दाबाने. म्हणजे लांब नळीतून हवा मिळत नाही असं नाही, चुकीच्या दाबाची मिळते.

निरोगी माणसाने पूर्ण जोर लावून हवा आत ओढली तर त्याचे स्नायू साधारण १०० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकं, म्हणजे १ मीटर खोलीच्या दाबाइतकं, चोषण क्षणभर करू शकतात. क्षणभर! दम न लागता सतत करायचं तर त्याचा एक छोटा हिस्साच. स्नॉर्केल लावून पालथं तरंगताना छातीचा मध्य आधीच १०-२० सेंटिमीटर पाण्याखाली असतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला श्वास जरा जड वाटतो, तो त्याच्या मनाचा खेळ नसतो. लाइफ जॅकेट घातलं की अंग वर उचललं जातं आणि हा फरक कमी होतो, हे जॅकेट नको म्हणून भांडणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. फक्त पट्टे इतके आवळू नका की फासळ्या हलणारच नाहीत.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्टिग्लर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हे सगळं १९११ साली स्वतःवर करून बघितलं. नळी तोंडात घेऊन पाण्याखाली, दर वेळी थोडं जास्त खोल. दीड मीटरला काही सेकंदच टिकला. दोन मीटरला त्याच्या हृदयालाच इजा झाली. श्वास घेता आला नाही हे समजतं, पण हृदयाचा काय संबंध? माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

बघा, पाण्याखाली पाय, पोट, हात सगळ्यांवर पाण्याचा दाब आहे, म्हणजे तिथल्या शिरांवरही आहे. छातीच्या आत मात्र वरच्या हवेचा, कमी दाब. रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार, दुसरं काय करणार? सगळीकडचं रक्त छातीत ढकललं जातं, हृदयाचे कप्पे ताणले जातात, फुप्फुसातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या फुगतात. जास्त झालं तर त्यांच्या भिंतीतून पाझर सुरू होतो आणि फुप्फुसात पाणी भरतं, आणि हे पाणी समुद्राचं नसतं, आपल्याच रक्तातलं असतं. हवाई बेटांवर स्नॉर्केल करताना खूप लोक दगावतात म्हणून तिथे एक अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०२१ च्या सुमारास आला, त्यात हाच संशय आहे की काही जण नाकातोंडात पाणी जाऊन नाही तर हवा ओढताना होणाऱ्या अडथळ्यामुळे फुप्फुसात पाझर होऊन गेले असावेत.

आता हत्ती. हत्ती उत्तम पोहतो आणि सोंड वर काढून पोहतो. अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहायचा, २०१६ साली गेला बिचारा, त्याचे पाण्याखालचे फोटो तुम्ही बघितले असतील. पोहताना हत्तीचं फुप्फुस पाण्याच्या पृष्ठभागापासून जवळपास २ मीटर खाली असतं. म्हणजे श्टिग्लर जिथे हरला तिथे हत्ती आरामात आहे! दाबाचा फरक पाऱ्याच्या भाषेत १५० मिलिमीटर होतो, बीपी मोजताना जे आकडे ऐकतो त्यातलाच समजा.

कसं जमतं त्याला? आपल्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात, एक फुप्फुसाला चिकटलेला, एक फासळ्यांच्या आतून, आणि मध्ये अगदी थोडा द्रव, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात. या फटीतला दाब फुप्फुसातल्या दाबाहूनही थोडा कमी असतो, आणि फासळ्यांकडच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मात्र बाकी शरीराशी, म्हणजे पाण्याच्या दाबाशी जोडलेल्या. २ मीटरचा पूर्ण फरक त्या नाजूक वाहिन्यांच्या भिंतीवर येतो आणि त्या फुटायला हव्यात. हत्तीत ही फटच नाही. दोन पडद्यांच्या मध्ये सैलसर संयोजी ऊती भरलेली असते, फुप्फुस छातीला चिकटलेलंच. हत्तीचं शवविच्छेदन करणाऱ्यांना ही विचित्र गोष्ट तीनशे वर्षांपासून माहीत होती, काही जणांना तो आजार वाटला. २००१ साली कॅलिफोर्नियाचे शरीरशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी सुचवलं की याचं कारण सोंडेचं स्नॉर्केल असावं, वाहिन्यांना उघडी फट मिळू नये म्हणून ही जाड भरणी. हत्तीच्या गर्भात ती फट आधी असते आणि नंतर भरत जाते, हेही त्यांच्या गटाने दाखवलं. उत्क्रांतीत हत्तीचे पूर्वज पाण्यात राहायचे का वगैरे वाद त्यातून निघाले, ते सोडा, पण मालवणपासून गाडीने दोनेक तासांवर दोडामार्गात केळीच्या बागा झोपवणारे जे हत्ती फिरतात त्यांच्या छातीत ही सोय आहे आणि आपल्या छातीत नाही, एवढं तरी लक्षात राहील.

मध्येच एक. दुर्योधन डोहात लपला होता म्हणजे आपल्याकडे पाण्याखाली श्वास घ्यायचं तंत्रज्ञान होतं, असा फॉरवर्ड अधूनमधून येतो. कथा म्हणून ती मस्तच आहे. पण कमळाच्या देठातून तळाशी बसून श्वास घेणं हे युगानुसार बदलणारं प्रकरण नाही, पाण्याची घनता तेव्हाही तेवढीच होती.

समजा दाबाचा प्रश्न नाहीच असं धरलं, तरी लांब नळी दुसऱ्याच कारणाने मारते. आपण शांत असताना एका श्वासाला साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० घसा-श्वासनलिकेत अडकते, कामाची ३५०. नळी लावली की तिच्यातली हवाही त्या वाया जाणाऱ्या हवेत जमा, कारण सोडलेला उच्छ्वास नळीत उरतो आणि पुढच्या श्वासाला तोच आधी आत येतो. चांगल्या स्नॉर्केलमध्ये साधारण २०० मिलिलिटर मावते, युरोपातल्या मानकात मोठ्यांच्या नळीला जास्तीत जास्त ३८ सेंटिमीटर लांबी आणि २३० मिलिलिटर आकारमान अशी मर्यादाच आहे. आता अडीच सेंटिमीटर व्यासाची २ मीटरची नळी घ्या, आत जवळजवळ एक लिटर. तुम्ही अर्धा लिटर श्वास घ्याल आणि अर्धा लिटर सोडाल, ताजी हवा नळीच्या मध्यापर्यंत येईल आणि परत जाईल, तुम्ही आपलाच कार्बन डायऑक्साइड आत-बाहेर करत बसाल. मग नळी बारीक करू म्हणाल तर व्यास निम्मा केला की हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. आगीतून फुफाट्यात.

आणि दम खाण्याचं गणितही इथेच आहे. साध्या स्नॉर्केलला वाया जाणारी हवा १५० अधिक २००, म्हणजे ३५०. छोटा ५०० चा श्वास घेतलात तर कामाची फक्त १५०. सावकाश १००० चा घेतलात तर ६५०. श्वास दुप्पट केला आणि फायदा चौपटीच्या वर! वल्हवून धापा टाकत पाण्यात उतरलेला माणूस नेमका उलटं करतो, छोटे छोटे भराभर श्वास, कार्बन डायऑक्साइड साठतो, गुदमरल्यासारखं होतं, तो अजून भराभर घेतो, मग मास्क ओढून काढतो आणि सापडेल त्यावर पाय टेकतो. सापडतं ते बहुतेक वेळा प्रवाळ असतं. दगडासारखा दिसणारा पोराइटिस नावाच्या प्रवाळाचा तो गोळा जिवंत असतो, वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढतो, आणि त्याच्या वरच्या पातळ जिवंत थरावर आपली फ्लिपरची टाच. वाढलेल्या तापमानाने मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी आहेतच, त्यात ही भर कशाला.

तोंड-नाक-डोळे सगळं झाकणारे फुल फेस मास्क हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि लोक घेऊन येतात, नाकाने श्वास घेता येतो म्हणून. त्यातले चांगले असतीलही, पण स्वस्तातल्यांच्या आतल्या झडपा नीट बसल्या नाहीत तर सोडलेली हवा मास्कमध्येच फिरते, म्हणजे वरचं ३५० चं गणित कुठल्या कुठे जातं, शिवाय घाबरल्यावर तोंडातून झटकन थुंकून टाकता येत नाही. मी तरी साधी नळीच घेतो.

पालथं, सैल, हात मागे सोडून तरंगलात की ३८ सेंटिमीटरची नळी पुरून उरते. खडपाच्या कडेला पिवळट अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या सार्जंट माशांचा थवा तोंडासमोरून जातो, तुम्ही हललात की सगळे एकदम वळतात, स्थिर राहिलात तर काही जण मास्कच्या काचेपर्यंत येतात. कोणी ब्रेड टाकत असेल तर टाकू देऊ नका, त्यांचं रोजचं खाणं तिथेच आहे. पाणी कसं मिळेल हे महिन्यावर आणि तिथीवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, आणि त्यातही अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, तेव्हा पाणी कमी खेचतं आणि गाळ कमी उठतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तेच पैसे देऊन हिरवट गढूळ बघावं लागतं, त्यामुळे हॉटेल बुक करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.